काठीचं काळं फडकं

शाकेरदादा,

तू तिकडे सिडनीत सुखात आहेस. हे पत्र तुला पाठवायची माझी छाती नाही.

शाळेत दर गुरुवारी आम्ही खालच्या वस्तीतल्या बायका अन् डोंगरावरच्या बायका समोरासमोर बसतो. वाद घालायचा नाही, आपापल्यावर गुदरलेलं तेवढं सांगायचं. आज डोंगरावरच्या उम्म जाफर बोलल्या. आपल्या दोन वस्त्यांच्या लढाईत एका संध्याकाळी त्यांचा नवरा गच्चीवर गेला. कबुतरांचा थवा गोळीबारापासून लांब वळवायला काठीचं काळं फडकं हलवत होता. खालच्या वस्तीतून गोळी आली.

त्या संध्याकाळी जिना उतरत तू म्हणाला होतास, "आज एकाला आडवा केला. गच्चीवरून फडकं हलवून त्यांच्या बंदूकवाल्यांना इशारे देत होता." आईनं तुझी दृष्ट काढली होती.

दादा, आपल्याही गच्चीवर कबुतरं होती, काळ्या फडक्याची काठी होती. तूच रोज हलवायचास.

माझा चेहरा बघून उम्म जाफरनीच मला कॉफी दिली, मयताच्या घरी देतात तशी बिनसाखरेची. म्हणाल्या, "रडू नको, पोरी. मारणारा कबुतरं पाळणारा असता, तर माझा माणूस वाचला असता."

पुढच्या गुरुवारी माझी बोलायची पाळी आहे.

हनादी