छबूला शिकवायचं ते

१२-२-८४

धाकटी भैन चि. दगडा हिला आसारामदादाचा आशीर्वाद. वाचून दाखवणाऱ्या गुरुजींना राम राम.

आमी कारखान्यावर सुखात हाव. माझी थोरली लेक छबू पाचटाच्या कोपीवर धाकटी लेकरं सांभाळती. मायच्या पाठीच्या जखमा भरल्या का? फिकीर करू नको. तू घरात सावलीला हायस, आमी उन्हात ऊस तोडायलाव, एवढं ध्यानात ठेव.

बातमी चांगली हाय. आमच्या टोळीत मानवतकडचे पाहुणे हायत. त्यांचा म्हातारा अंगावरून वारं जाऊन अंथरुणाला खिळलाय. त्यांनी ऐकलं, जिंतूरकडची एक पोरगी दोन सालापासून मायचं हागणं-मुतणं काढती, पर तोंड वाकडं करत न्हाई. तसलीच सून पायजे म्हनले.

गुरुजी, पुढचं जरा हळू वाचा. माय ऐकंल.

दगडा, मी सांगितलं, ती पोरगी म्हंजी आमची छबू. तुला दिलं तर मायला कोन बघंल? तुझी वैनी तर हात लावत न्हाई. काल सुपारी फुटली. रागावू नको, छबू काय परकी हाय का?

सोमवारी तिला सेलूच्या गाडीनं धाडायलोय. मायची कूस कशी पलटायची, अंग कसं पुसायचं, समदं आठ दिवसांत शिकव. सासरी बिंग फुटलं न्हाई पायजे.

लग्नाला तुला येता येनार न्हाई. मायजवळ कोन बसंल? मायनं तुझ्यासाठी पेटीत ठेवलेलं हिरवं लुगडं छबूसंगं धाड. तुला आता ते कशाला लागतंय?

तुझ्या पाठीशी असलेला,
आसारामदादा