नव्या रंगाखालची चीर

तलवाडा
४ जून २०२५

ती. स्व. मामांस,
शिवकन्येचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून सगळ्या गावाला ठाऊक झालेली बातमी तुम्हाला मात्र पत्रानं. मामा, गाडी आली. सात सीटांची, जुनी, पण माझ्या नावावर. इथल्या सहा पोरी गेवराईला कॉलेजला जातात. बसची वेळ जुळत नाही म्हणून त्यातल्या दोघींचं कॉलेजातून नाव काढायचं चाललं होतं. आता सोमवार, सोळा तारखेपासून मीच त्यांना नेणार. त्यातली दिपाली रोज संध्याकाळी येऊन स्वतःची सीट धरून बसते, गाडी जागची हलत नसली तरी!

चाकं लई खरचटलेली होती, एक तर वाकडंच. बीडच्या एका रंगवाल्याकडून चारीच्या चारी नवी करून घेतली. तोंड बघून घ्यावं अशी चमकतात. सासूबाईंनी त्यांना विभूती लावली. हे म्हणाले, लग्नात माझ्याकडंसुद्धा तू एवढं बघितलं नव्हतंस.

तीस वर्षं परळीच्या गॅरेजात काढलेल्या मामांची शाबासकी अजून बाकी आहे. ती लवकर पाठवा. मामींना नमस्कार.

तुमची लाडाची भाची,
शिवकन्या


धर्मापुरी
९ जून २०२५

चि. सौ. शिवकन्येस,
मामाचे अ. उ. आ.

पत्र मामीला वाचून दाखवलं, मग शेजारच्या मोहनरावालाबी दाखवलं. आमच्या घरात तुझ्याआधी कुणा बाईनं गाडी हाती धरली न्हाई. छाती फुगली बघ.

पण पोरी, त्या चमकीनं माझी झोप उडाली. वाकडं चाक त्यानं सरळ कसं केलं ते विचार. ॲल्युमिनियम ज्वाळेवर धरून ठोकलं की त्यातला जीव जातो, वरून दिसत न्हाई. रंगाआधी चीर बघितली का, तेबी विचार. आणि नट जिथं टेकतात तिथं रंगाचा थर ठेवायचा नसतो. तो थर दबतो आणि नट ढिले पडतात. चाकं बसवल्यावर पन्नास किलोमीटरनं नट परत आवळायचे. हे सगळं झाल्याबगर एकाबी लेकराला गाडीत घेऊ नको.

कावून एवढं सांगतो, ते आजवर कुणाला बोललो न्हाई. बावीस वर्षांमागं एका ट्रॅव्हल्सची चाकं रंगवून आली होती. घाईत मी ती रंगासकट बसवली, आणि नट परत आवळायला ये म्हणून ड्रायव्हरला सांगायचं राहिलं. चाक रस्त्यातच निघालं. प्रवासी वाचले, पण ड्रायव्हर गहिनीनाथचा पाय गेला. मालक म्हणाला, यानंच गाडी बेफाम चालवली. मी तिथंच उभा होतो आणि गप्प बसलो.

राग आला तर येऊ दे, पण चाकं काढून बघ.

तुझा मामा,
वैजिनाथ


तलवाडा
१८ जून २०२५

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

खरं सांगते, आधी रागच आला. मामांना माझ्या गाडीत खोटच दिसावी, असं वाटलं. दोन दिवस पत्र उशाखाली ठेवलं. शेवटी रविवारी गेवराईला टायरवाले माऊली आहेत, त्यांच्याकडं गाडी नेली. चारीही चाकांत नट टेकतात तिथं जाड रंग निघाला. मग त्यांनी सरळ केलेल्या चाकाचा टायर उतरवला, आतल्या कडेचा रंग खरवडला. खाली पुट्टी होती. पुट्टीखाली बोटभर चीर. त्यात माझं नख शिरलं, मामा.

रंगवाल्याला फोन केला तर तो सहज म्हणाला की गॅसवर तापवून सरळ केलं, सगळेच करतात. बाकीची तीन त्यानं नुसती रंगवली होती. माऊलींनी तिन्ही तपासली, नटांच्या जागा साफ केल्या आणि चौथ्या जागी स्टेपनीचं काळं लोखंडी चाक चढवलं. दुसरी स्टेपनी सोमवारी मिळणार होती, म्हणून मी सहाही घरी जाऊन सांगितलं की गाडी मंगळवारी निघेल. पाच घरं समजून घेणारी निघाली. सुकन्याच्या वडिलांना, प्रविणरावांना, आधीच पोरगी पाठवायची नव्हती. ते म्हणाले, पहिल्याच दिवशी जिची गाडी बिघडते तिच्या भरवशावर लेक देणार नाही. सुकन्या दाराआड रडत होती.

मी घरी आले, ते फुटकं चाक उचललं आणि त्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. चीर दाखवली. ही मला रविवारी दिसली, म्हणून सोमवार मोडला, एवढंच बोलले. त्यांनी बराच वेळ त्या चिरेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "हे झाकून तुम्हाला पोरींना नेता आलं असतं. कुणाला कळलं नसतं."

मंगळवारी सकाळी सगळ्यांच्या आधी सुकन्याच उभी होती. गाडीचं दार तिच्या वडिलांनी उघडलं.

मामा, सहा पोरी, खिडक्या उघड्या, आणि त्यांचा असा कल्ला की हॉर्न वाजवला तरी मला ऐकू येईना. तीन चंदेरी चाकं आणि एक काळं, सगळं कॉलेज बघत होतं. आज पन्नास किलोमीटर झाले, तेव्हा माऊलींकडं नट परत आवळून घेतले. त्यातला एक नट पाव फेरा फिरला, म्हणजे ढिला झालाच होता.

तुम्ही ते जुनं मला लिहिलंत, म्हणून ही सहा लेकरं सुखरूप आहेत.

तुमच्या आशीर्वादाची भुकेली,
शिवकन्या


धर्मापुरी
२३ जून २०२५

चि. सौ. शिवकन्येस,
अ. उ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मामी म्हणाली, आता पाठ झालं असेल, जेवायला या.

गहिनीनाथ तुझ्या तालुक्यातच, चकलांब्याला राहतो. बावीस वर्षांत तिकडची बस मी कितीदा तरी सोडून दिली. येत्या रविवारी मी तलवाड्याला येतो. पोरींना सुट्टी असंल, तर मला तुझ्या गाडीतनं त्याच्या दारापर्यंत सोड. आत मी एकटाच जाईन. तू बाहेर थांब, आणि मी माघारी फिरायला लागलो तर गाडीचं दार उघडू नको.

सगळ्या पोरींना माझा आशीर्वाद सांग.

तुझा मामा,
वैजिनाथ