निळं बोट

स्फाक्स, रविवार

लुत्फी,

पहिल्या निवडणुकीत मला ओढत मतदानाला तूच नेलंस. कोणीही निवडून आलं तरी आपल्या नळाला पाणी येणार नाही, असं मी रांगेत म्हणाले, तर म्हणालास, "ताई, तोंड मिट आणि बोट पुढे कर." नंतर शाई जाऊ नये म्हणून हमामात आंघोळ करतानासुद्धा ते निळं बोट वर धरून बसायचास.

मग एक दिवस होडीत बसून इटलीला गेलास. इथे आई उरली, मी उरले आणि कोरडा नळ.

काल फोनवर म्हणालास, "कशाला जातेस मत द्यायला? तिथे काही बदलत नाही." माझंच बोलणं मला ऐकवलंस, तेही समुद्रापलीकडून.

तरी आज गेले. देश सुधारला की तू परतशील, असं आईला वाटतं. केंद्रावर शाईवाला पेंगत होता. मी कोरी मतपत्रिका पेटीत टाकून आले.

आईने माझं निळं बोट ओठांना लावलं. "लुत्फी काय म्हणाला गं?"

"म्हणाला, शाई जपून ठेव."

तेव्हापासून ती मला भांडी घासू देत नाही, स्वतःच घासते आहे. म्हणून हे पत्र टाकणार नाही. तुला खोटं बोलणं जमत नाही, आईला खरं सांगून टाकशील. निघून जाणं तेवढं जमतं.

अजून इथेच असलेली,
लमियाताई