समोरच्याची झील

नाना, पोरगी बोलत नाही. तुम्ही गेलात तेव्हा ती जन्मलीही नव्हती, त्यामुळे तुम्हाला ती ठाऊक नाही आणि तिला आजोबा म्हणजे भिंतीवरचा टोपीवाला फोटो. आता एकोणीस वर्षांची आहे. पुण्याला इंजिनीअरिंगला घातली होती. दिवाळीनंतर एक दिवस दोन बॅगा आणि गिटार घेऊन केडगावला परत आली ती आलीच. काय झालं, कुणी काही बोललं का, नापास झालीस का, सगळं विचारून झालं. "काही नाही मम्मी," म्हणाली आणि खोलीत गेली. तेव्हापासून खोलीतच आहे. डॉक्टर झाले, गोळ्या चालू आहेत, दर आठवड्याला नगरला नेऊन आणतो. डॉक्टर बाई म्हणाल्या, बोलायला लावू नका, सोबत राहा. सोबत राहा म्हणे! बंद दाराशी कशी सोबत करायची हे काही त्यांनी सांगितलं नाही. ह्यांनी एक दिवस कंपनीतून आल्यावर पान्हा-पकड घेतली आणि तिच्या दाराची आतली कडी काढून टाकली. कडी कशाला काढतात ते दोघांनाही कळत होतं. आता दाराला कडी नाही, तरी ते बंदच असतं.

तुम्हाला का लिहिते आहे ते सांगते. ही पोरगी दिवसभर गाणी ऐकते. इंग्रजी, रॉक म्हणतात तसली, पण लग्नाच्या बँडवर वाजतात तसली नव्हेत. गाणारा पुटपुटल्यासारखा गातो आणि मध्येच गळा फाटेस्तोवर ओरडतो. आधी मला तो नुसता कालवा वाटायचा. मग ती बोलेना तेव्हा मी त्या गाण्यांच्याच मागे लागले. म्हटलं, ही ज्यात डोकं घालून बसली आहे त्यात काय आहे ते तरी बघू. शब्द मोबाईलवर मिळतात. शाळेतून आले की कुकर लावायचा आणि ओट्याशी उभी राहून एकेक ओळ वाचायची. शब्द सोपे असतात हो नाना, पाचवीच्या पोराला यावेत इतके. पण ओळ लागत नाही. घर जळतंय आणि तो म्हणतो मला खिडकी पुसायची आहे. तुमच्या शाहिरी कानाला हे ओळखीचं वाटलं असतं. तिथं लोक अर्थ लावत बसलेले असतात, जगभरातले. एक म्हणतो हे दारूबद्दल आहे, दुसरा म्हणतो हे त्याच्या मेलेल्या आईबद्दल आहे, तिसरा म्हणतो दोघंही येडे आहेत. आणि एका गाण्याखाली कुणी लिहिलं होतं की गाणाऱ्यानं स्वतःच सांगितलंय, अर्थबिर्थ काही नाही, चालीत बसले ते शब्द टाकले. तुमच्या फडात कुणी असं म्हणालं असतं तर तुम्ही तुणतुणं त्याच्या टाळक्यात घातलं असतंत.

पारनेरच्या तुमच्या शिलाईच्या दुकानात मी वाढले ते हेच ऐकत. मशीन चालू, तोंडात दोरा, आणि समोरच्या बाकड्यावर कोण ना कोण शाहीर. तुम्ही तुरेवाले, ते कलगीवाले, समोरासमोरचे पक्ष. एकानं गाण्यात भेदाचं कोडं घालायचं आणि दुसऱ्यानं ते गाऊनच सोडवायचं. नऊ दारांचं घर म्हटलं की देह. पाच भावांची भांडणं म्हटली की पाच इंद्रियं. विहीर आली, पाखरू आलं, तेल नसलेला दिवा आला, प्रत्येकाला तुमच्याकडं किल्ली होती. काजं करता करता तुम्ही मला विचारायचात, "सांग, बिनपायाची बाई कोन?" आणि मी सांगितलं, "झोप," की खूश होऊन चिंध्यांच्या टोपलीतली सगळ्यात रंगीत चिंधी मला द्यायचात. सहावीत गेले तेव्हा तुम्ही मला एक झगा शिवून दिलात, त्याला आतल्या अंगानं खिसा होता. आईनं नाक मुरडलं, पोरीला कशाला खिसा म्हणाली. तुम्ही म्हणालात, "असू दे. मानसाला एक जागा आसावी, दुसऱ्यानं हात न घालायची." त्या खिशात मी काय ठेवत होते ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. चिंचोके ठेवायचे, दुसरं काय.

मी मराठीची मास्तरीण झाले ती त्या दुकानामुळे. आजवर पोरांना एकच प्रश्न विचारत आले, कवीला काय म्हणायचे आहे. चार ओळींत उत्तर, चार मार्क. पोरं लिहितात, मी लाल पेनानं खुणा करते. ह्याच हातांनी मी पोरगी आंघोळीला गेली तेव्हा तिचा मोबाईल उघडला. त्यात तिचं स्वतःचं गाणं सापडलं. तिनं केलेलं, तिच्याच आवाजात, नुसत्या गिटारवर. आणि मराठीत, नाना. सगळं इंग्रजी इंग्रजी करणाऱ्या पोरीनं रडायला मराठी घेतली. ओळी सांगते.

विहीर कोरडी, मोटर चालू,
घरात सगळे झोपले.
कुणीतरी बटण बंद करा,
माझे हात नाही पोचले.

मी काय केलं असेल? मी भेद सोडवायला बसले. आधी तर छाती फुगली, म्हटलं वा, आजोबाचं रक्त आहे. विहीर म्हणजे देह, हे तर तुमच्या दुकानातलं पहिलं. कोरडी, म्हणजे आतला जीव आटला. मोटर म्हणजे श्वास, आत काही नाही तरी चालूच आहे. घर म्हणजे आम्ही, झोपलेले. खट खट खट करत किल्ल्या लागत गेल्या. आणि मग बटण आलं. श्वासाचं बटण बंद करा. माझ्या हातातला मोबाईल ओट्यावर पडला. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या कळलं नाही, भात खाली लागला, वासानं भान आलं.

नाना, माझ्यासारखी गाढव मीच. मी सरळ तिच्या खोलीत घुसले. ती केस पुसत होती. मी तिचं मनगट धरलं आणि म्हणाले, "बटण म्हणजे काय? सांग मला. बटण म्हणजे काय?" आधी तिला कळेना. मग कळलं, आणि तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरून गेलं. "तू माझा फोन बघितलास," म्हणाली. मी म्हटलं, हो बघितला, आई आहे मी, बघीन, पण तू सांग. ती म्हणाली, "मम्मी, पेपर तपासतेस का माझा?" ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. टॉवेल खुर्चीवर टाकला, पलंगावर भिंतीकडं तोंड करून निजली, आणि तेव्हापासून "काही नाही मम्मी" सुद्धा बंद झालं. ताट आत जातं, निम्मं परत येतं. डॉक्टर बाईंना फोन करून ते गाणं सांगितलं. त्या म्हणाल्या बरं केलंत सांगितलंत, तिला माझ्याकडं घेऊन या, आणि घरी एकटी सोडू नका. नेऊन आणलं. ह्यांनी रजा टाकली, मी टाकली, आळीपाळीनं घरी असतो. पण मला भीती वाटते, नाना. उघड सांगते, इतकी भीती मला बाळंतपणात वाटली नव्हती. तिच्या खोलीत पंखा फिरताना ऐकू आला तरी जीव घाबरतो आणि थांबला तरी घाबरतो.

तर ह्या चार-पाच दिवसांत मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते. म्हटलं, आयुष्यभर लोकांचे भेद सोडवलेत आणि नेमका माझा आला तेव्हा वर जाऊन बसलात. या की खाली, सांगा बटण म्हणजे काय. तर काल दुपारी तिच्या दाराशी बसून लसूण सोलत असताना मला ती यात्रा आठवली, तुम्ही हरलात ती. आपल्या आत्याच्या गावची. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या हजेऱ्या, फडांची देवापुढची गाणी, चालू आहेत. देवळापुढं सतरंजी, एका अंगाला तुम्ही, दुसऱ्या अंगाला ते कलगीवाले म्हातारबाबा. मी तुमच्या मागं बसले आहे, तोच खिशाचा झगा घालून. बाबा भेद गातात, कुठल्याशा बिनझाडाच्या सावलीचा. तुमचं बोट गुडघ्यावर वाजतं. उत्तर सापडलं की तुमचं बोट असंच वाजायचं, म्हणजे मला कळतं, सापडलं. आता नाना उठणार आणि पार धुरळा उडवणार.

आणि बाबा कडव्याच्या शेवटच्या ओळीवर येतात आणि थांबतात. तिथं झील लागते. शाहीर ओळ सोडतो, मागचे झीलकरी ती उचलतात आणि उंच ओढतात, मग शाहीर पुढचं कडवं घेतो. पण बाबांच्या मागं कुणी नाही. त्यांचा पोरगाच त्यांची झील ओढायचा, आणि तो त्या उन्हाळ्यात गेला होता, हे सगळ्या यात्रेला माहीत. बाबा ओळ सोडून नुसते उभे. लोक चुळबुळ करतात. आणि तुम्ही उठता. मला वाटतं भेदाचा जाब द्यायला उठलात. तुम्ही सतरंजी ओलांडता, बाबांच्या मागं जाऊन उभे राहता, कानावर हात ठेवता आणि त्यांची ओळ उचलता. तुरेवाला कलगीची झील ओढतो आहे! असं कुणी कधी बघितलं नव्हतं. पोरं शिट्ट्या घालतात, आपल्या फडातले लोक उठून चालते होतात. शेवटच्या कडव्यापर्यंत तुम्ही ओढत राहिलात. जाब दिलाच नाहीत. हरले म्हणून गावानं सांगून टाकलं.

घरी येताना एस.टी.त मी रडत होते. तुम्हाला म्हटलं, "उत्तर येत होतं तुम्हाला. मी बोट बघितलं." तुम्ही म्हणालात, "येत हुतं की." मग का नाही दिलंत? "त्यानं इचारलं कुठं हुतं?" मी म्हटलं, भेद घातला म्हणजे विचारलंच की. तेव्हा तुम्ही माझ्यावर डाफरलात, आयुष्यात एकदाच. "लई शानी झालीस. झील कशापायी आसती ठावं हाय का तुला? गानाऱ्याला दम खाऊ द्यायला. दुसरा वरडतोय तवर ह्यानं श्वास घ्यायचा. अर्थाचं मागनं बघता येतंय." मग सुप्याला उतरून मला उसाचा रस पाजलात.

हे सगळं आठवलं आणि मी लसूण तसाच ठेवला. आत गिटार वाजत होती, हळू. तेच गाणं होतं. मी दारावर टकटक केली नाही, दार लोटलंही नाही. कडी नाही म्हणून काय झालं. ती गात गात शेवटच्या ओळीवर आली, माझे हात नाही पोचले, आणि तिथं थांबली. मी डोळे मिटले, कानावर हात ठेवला आणि ती ओळ उचलली. आवाज कसला, फाटका बांबू. वरचा सूर लागलाच नाही, मध्येच खोकला आला, शेजारच्या वहिनी गॅलरीत येऊन बघून गेल्या. आत एकदम शांत झालं. मी म्हटलं, संपलं, आता ही उरलंसुरलं ताटही घेणार नाही.

मग गिटारीच्या खुंट्या फिरवल्याचा आवाज आला. एक तार, मग दुसरी. तिनं गाणं पहिल्यापासून सुरू केलं, पण पट्टी उतरवून. माझ्या गळ्याला झेपेल इतकी खाली. तिला त्या पट्टीत गायला जड जात होतं, ऐकू येत होतं तसं.

हे कागद मी घडी करून तुमच्या मशीनच्या खणात ठेवीन, बॉबिनच्या डबीखाली. दुसरीकडं कुठं पाठवणार. पोरगी अजून बोललेली नाही, खोटं कशाला सांगू. आणि बटण म्हणजे काय ते मला अजूनही कळलेलं नाही, विचारायचं धाडसही नाही. पण दुसऱ्यांदा ती त्याच ओळीवर येऊन थांबली आणि मी बेसूर ओढत होते ना नाना, तेव्हा दाराच्या पलीकडं तिनं श्वास घेतलेला मला ऐकू आला. तो नीट ऐकू यावा म्हणून झील मी आवाज उतरवून ओढली, आणि जरा जास्तच लांबवली.