कंदुरीचं ताट

चिकलठाणा, औरंगाबाद
२८ नोव्हेंबर १९९३

ती. मंजुळाअक्का हिस,
सोनाजीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मेंढरांची खुरकत उतरली हे वाचून बरं वाटलं. इथली हकीकत अशी, की माझं वजन चार किलो उतरलं. हसू नकोस. मेंढरांमागं दिवसभर चालणारा तुझा भाऊ कंपनीच्या फाटकावर स्टुलावर बसून बसून असा फुगला, की तुझी भावजय वर्दीची बटणं सरकवून थकली.

घाटी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बजावलंय, आणखी सहा किलो उतरल्याशिवाय हर्नियाचं ऑपरेशन नाही. असंच उतरत राहील असं धरून संक्रांतीनंतरची तारीख दिली आहे. हर्निया तसाच राहू दिला तर एखाद्या दिवशी आतडं अडकायचं. आबांचं तेच झालं, बैलगाडी शिवेपर्यंतही पोचली नाही. तुला काय सांगायचं.

म्हणून रोज सकाळी कडुबाबरोबर चालायला जातो. तोही फाटकावरच असतो. अठ्ठ्याहत्तरच्या दंगलीत त्याचं गावचं घर जाळलं, तेव्हापासून तो शहरात आहे. चालताना तो विद्यापीठाच्या नामांतराचं बोलतो आणि मी पुढच्या जेवणाचं.

भाऊजींना रामराम. माया असू दे, तूप मात्र पाठवू नकोस.

तुझा,
सोनाजी

*

बिरोबाची वाडी, पो. लासूर स्टेशन
५ डिसेंबर १९९३

चि. सोनाजीस,
मंजुळाचे अ. उ. आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि तशीच उठून पिरापुढं डोकं टेकून आले. तुझं ऑपरेशन पार पडलं की कंदुरी देईन, असं बोलले होते. तुझे भाऊजी म्हणाले, आधी ऑपरेशन तर होऊ दे, एवढी काय घाई. पण आबांच्या वेळी नवस बोलून आपण वाट बघत बसलो आणि फेडायची वेळच आली नाही. या खेपेला मी पिराला थांबवणार नाही.

शुक्रवारी बोकड कापायचा आहे. तो तुझ्या जिवासाठी आहे, तूच नसलास तर कंदुरी कसली. पिराच्या हद्दीत शिजलेलं हद्दीबाहेर नेत नाहीत, सगळं तिथंच संपवायचं असतं, हे तू जाणतोस. तेव्हा पोट रिकामं ठेवून ये. चार किलो उतरलं म्हणतोस, तोंड किती बारीक झालं असेल.

येणं नक्की कर. वाट बघायला लावू नकोस.

तुझी,
अक्का

*

चिकलठाणा
२२ डिसेंबर १९९३

ती. मंजुळाअक्का हिस,
शि. सा. न. वि. वि.

राग धरू नकोस, पण लिहितो. कंदुरीच्या दिवशी तू वाढत होतीस आणि मी खात होतो. नको म्हटलं की तू म्हणायचीस, तुझ्याच नावाचं आहे, मागं उरलं तर पिराला काय वाटेल. मटण झालं, वर मलिदा झाला. मला धरून उठवावं लागलं. परतीच्या एस.टी.त जांघेतला गोळा दगडासारखा झाला आणि आत जाईना. सारखे आबा दिसत होते. औरंगाबाद जवळ आलं तेव्हा तो आपोआप आत गेला, म्हणून हे पत्र लिहायला आहे.

घरी येऊन लाजेनं दोन दिवस नुसत्या पाण्यावर राहिलो. मग कँटीनमध्ये डाळभात पुढं आला आणि माणसासारखा जेवलो नाही. पुन्हा उपास, पुन्हा तेच. कडुबा नामांतराच्या मोर्चात गेला, त्याला पोलिसांनी धरलं. एकट्याचे पाय उचलत नाहीत, आणि शहर बंद असलं की घरात बसून तोंड चालूच राहतं. काल घाटीतल्या काट्यावर उभा राहिलो तर उतरलेलं सगळं परत आलेलं. डॉक्टरांनी तारीख काढून घेतली.

तुझ्या मायेनंच माझा घात केला, असं वाटलं. लिहू नये, पण वाटलं.

सोनाजी

*

बिरोबाची वाडी
६ जानेवारी १९९४

रा. रा. सोनाजी यांस,
भिकनचा रामराम वि. वि.

पत्र लिहायची मला सवय नाही, तरी लिहितो. तुमचं पत्र आल्यापासून तुमची बहीण जेवत नाही. सकाळी चहा आणि रात्री वाटीभर कण्या. विचारलं तर म्हणती, त्याच्या अंगावर माझ्यामुळं चढलं, ते मी माझ्या अंगावरून उतरवती, मग पीर बरोबर करील. काल शेळीची धार काढता काढता आडवी झाली. डॉक्टर आणून सलाईन लावली.

मी सांगून थकलो. चूक कुणाची ते मला ठरवायचं नाही. तिनं ऐकलंच तर तुमचं ऐकेल.

कळावे,
भिकन

*

चिकलठाणा
१६ जानेवारी १९९४

ती. मंजुळाअक्का हिस,
शि. सा. न. वि. वि.

भाऊजींचं पत्र आलं. घात शब्द लिहिला त्या हाताची मला लाज वाटते.

मी पुन्हा घाटीत गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, एका जेवणाची शिक्षा दुसऱ्या जेवणाला द्यायची नसते. बिघडलं तर बिघडलं. पुढची वेळ झाली की रोजच्याइतकंच जेवायचं आणि चालायला निघायचं. उपासानं माणूस पुन्हा ताटावर तुटून पडतो, हे मी केलंच आहे. आता दीड भाकरी, भाजी आणि ताक. वजन मुंगीच्या पावलानं उतरतंय. तारीख अजून मिळालेली नाही. जांघ दुखते, आणि आधी काय होईल याची भीती वाटते. तुझ्यापासून लपवत नाही.

परवा ऐन संक्रांतीला विद्यापीठाचं नाव बदललं. कडुबा सुटून आलाय, फाटकावर पेढे वाटत होता. मला देताना त्यानंच हात आखडला. मी अर्धा घेतला आणि अर्धा त्याच्या तोंडात घातला. त्याला तो गोड लागला नसावा. म्हणाला, हे बघायला माझी आई पाहिजे होती. रस्त्यावर जागोजागी पोलीस होते, तरी आम्ही चालून आलो.

चालताना बाहत्तरचा दुष्काळ आठवला. तू खडी फोडायला जायचीस आणि तिथं खायला मिळालेली सुकडी पदरात बांधून मला आणायचीस. तुझी कुठं म्हटलं की म्हणायचीस, मी तिथंच खाल्ली. मी ते खरं मानलं. अक्का, तेव्हापासून तू मला वाढतेच आहेस. माझं पोट भरलं. आता तू जेव.

उत्तरात पिराचं, मेंढरांचं काही लिहू नकोस. काय जेवलीस तेवढंच लिही.

तुझा,
सोनाजी

*

बिरोबाची वाडी
२४ जानेवारी १९९४

चि. सोनाजीस,
अ. उ. आशीर्वाद.

आज दुपारी ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी. घास उतरत नव्हता. अर्धी भाकरी खाल्ली आणि अर्धी, हाताला सवयच पडलेली, तुझ्यासाठी झाकून ठेवली. भांडी घासायला बसले तेव्हा तुझं पत्र आठवलं. मग उठले, फडकं काढलं आणि तीही खाल्ली.

तुझी,
अक्का