बंद लिफ्ट

५ मार्च, मंगळवार

ती. दादास,

नमस्कार. हा रीत म्हणून. मनापासून आहे असं समजू नकोस. आई माझ्याकडे मजेत आहे. तळमजला असल्यामुळे तिच्या गुडघ्यांची कुरकुर कमी झाली. सकाळी दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांवर शेरे मारते.

मी सूड म्हणून तुमची लिफ्ट बंद केली, असं तू बिल्डिंगभर सांगत सुटला आहेस. तपासणीला कंपनीने मला पाठवलं, त्यात माझा हात नाही. लिफ्टच्या पोलादी दोरावरून चिंधी फिरवली तर ती अडकून फाटली. म्हणजे दोराच्या तारा तुटल्यात, हे शिकाऊ माणसालाही कळतं. मी सील लावलं. आई तेव्हा खाली बाकावर बसली होती, सहा मजले चढणं तिला जमणार नव्हतं, म्हणून घेऊन आले.

मला आनंद झाला का? झाला. उकळ्या फुटल्या. बाबा गेले तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाला होतास, "हिला देवाची भीती नाही, हिच्या शब्दावर कोण विसंबणार?" तेव्हापासून मला आईला भेटू दिलं नाहीस.

आणि परवा सील बघून तूच माझा हात धरलास. "आजचा दिवस लिफ्ट ठीक आहे म्हणून सही करून टाक गं. प्रार्थनेला मोठी मंडळी यायची आहेत. वरचा आहे ना बघायला! हवं तर आधी मी चढतो."

खरं सांगू? मी पेन उघडलं होतं. चढ म्हणावं, बघू दे वरच्याला. मला अडवायला वर कोणी नव्हतं, दादा. दोर खराब होता, एवढंच. तेवढं पुरलं. खोटं लिहवेना, तुझ्यासाठीसुद्धा.

मग मी म्हटलं, "ऐकू आलं नाही, जरा मोठ्याने बोल." तू तेच पुन्हा मोठ्याने बोललास. जमलेल्या सगळ्यांनी ऐकलं, आईनेही. तुझा तो उतरलेला चेहरा आठवला की अजून जेवण गोड लागतं.

नवे दोर उद्या बसतील, काम चोख करीन. आई मात्र परत येत नाही म्हणते. मी पढवलेलं नाही. फोनवरही बोलणार नाही, त्याला समोर येऊ दे म्हणते.

माझ्या घरात मरेपर्यंत पाय ठेवणार नाही, अशी देवाची शपथ घेतली आहेस तू. ती मोडायची की आईला सोडायचं, ते तुझं तू ठरव. मी दारात उभी राहून बघणार आहे.

तुझी,
धाकटी