चाकामागचा दगड

रविवार, ९ फेब्रुवारी

हे गेल्यापासून आज पहिल्यांदाच एकटीने गाडी लातूरहून कंधारला नेली. नणंदेच्या दारात चढ आहे. यांचा हँडब्रेकवर भरवसा नसायचा. मी उतरून चाकामागे दगड लावायचा, मगच हे ब्रेकवरचा पाय काढायचे. आज दगड कोण लावणार? पाय दाबूनच ठेवला, हँडब्रेक पूर्ण ओढला, गाडी बंद करून पहिला गिअर टाकला. मग पाय हळूच सोडला. हलली नाही!

तेवढ्यात नणंद दगड घेऊन पळत आली. "वहिनी, लावू का?"

"राहू द्या ताई, थांबली."

"दादा म्हणला असता, तरी लाव गं!"

दोघी लई हसलो. यांच्या आठवणीने मला हसू आलं?

घरी येऊन एकटीपुरता कुकर लावला आणि पोटभर जेवले.